लाइक शेकड्यांनी, देणगीदार बोटांवर मोजण्याइतके: संस्थेचं पान चालवणाऱ्यांनो, तुमचं काय जमलं?

कानगोष्ट

नमस्कार. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलं म्हणून धागा काढतेय.

आम्ही वीस-बावीस जण मिळून अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकं ध्वनिमुद्रित करतो. वाचणारे सगळे स्वयंसेवक आहेत. पैसा लागतो तो मायक्रोफोनना, फायली साठवायच्या जागेला आणि एका पगारी समन्वयकाला. संस्थेचं फेसबुक पान आणि इन्स्टाग्राम गेली चार वर्षं मी सांभाळते, नोकरी करून.

नवीन पुस्तक तयार झाल्याची पोस्ट टाकली की दोन-तीनशे लाइक पडतात, 'सलाम तुमच्या कार्याला' छापाच्या प्रतिक्रिया येतात, जोडलेल्या हातांची रांग लागते. गेल्या महिन्यात देणगीचं आवाहन टाकलं. खाते क्रमांकासकट देखणं पोस्टर करून घेतलं होतं. अकरा जणांनी पैसे दिले. त्यातले चार आमचेच स्वयंसेवक आणि एक माझा भाऊ.

मग पैसे भरून पोस्ट 'बूस्ट' केली. लाइक आणखी वाढले. देणगीदार बारा झाले.

कुठे चुकतंय? की समाजमाध्यमांवर पैसे उभे राहतात ही मोठ्या संस्थांचीच गोष्ट आहे?

तिरकस

तो बारावा देणगीदार कोण, तेवढं सांगा. त्याचा फोटो फ्रेम करून लावू.

गंमत सोडा. हे दुखणं जुनं आहे. २०१३ साली युनिसेफच्या स्वीडनमधल्या शाखेने जाहिरातच केली होती की आमचं पान लाइक करा, आम्ही पोलिओची लस बरोब्बर शून्य मुलांना देऊ. लसीला पैसे लागतात, अंगठा दाखवून ती येत नाही. युनिसेफवर ही पाळी, तर तुमची काय कथा.

कानगोष्ट

बारावी माझी शाळेतली मैत्रीण. आणि खरं सांगायचं तर ती बूस्टमुळे आली नाही. मी फोनवर बोलता बोलता विषय काढला होता.

मोरपीस

कानगोष्ट, उत्तर तुम्हीच दिलंत की.

मी एका मोठ्या संस्थेत निधी उभारणीचं काम नऊ वर्षं केलं, आता लहान संस्थांना मदत करते. तुमच्या बारा जणांची यादी पुन्हा वाचा: स्वयंसेवक, भाऊ, मैत्रीण. यातले निदान सहा तरी 'पानाला' द्यायला आलेले नाहीत, माणसाला द्यायला आलेत. पान स्वतः मागायला गेलं की ती जाहिरात होते, आणि जाहिरातीवरून बोट पुढे सरकवायची सवय आपल्या सगळ्यांनाच आहे.

लाइकचं म्हणाल तर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे, त्यातले दोन संशोधक ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले. एखाद्या कामाला चारचौघांत दिसेल असा लहानसा पाठिंबा दिला, की पुढे खरी मदत मागितल्यावर माणूस हात आखडता घेण्याची शक्यता वाढते, असं त्यांना आढळलं. तोच लहानसा पाठिंबा कोणाच्या नजरेत न येता दिला असेल, तर पुढची मदत जास्त मिळते. म्हणजे 'सलाम' लिहिणाऱ्याचं देणं मनातल्या मनात फिटलेलं असतं. त्यात दांभिकपणा नाही, मन असंच चालतं.

दुसरं, तुमची पोस्ट मुळात किती जणांना दिसते ते बघा. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने जाहीर केलं की यापुढे लोकांना मित्र आणि घरच्यांच्या पोस्ट आधी दिसतील, पानांच्या नंतर. पानांची फुकट पोहोच त्याआधीच घसरत होती, ती आणखी घसरली. फॉलोअरचा आकडा म्हणजे सभागृहातल्या खुर्च्या. खुर्च्यांवर कोण बसलंय ते त्यावरून कळत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न: तुमचे वाचक-स्वयंसेवक स्वतःच्या खात्यावरून कधी काही लिहितात का?

कानगोष्ट

नाही. पानाची पोस्ट शेअर करतात, तीही मी ग्रुपवर आठवण केली तर.

नवशिका

ताई, एखादं चॅलेंज काढलं तर? बर्फाच्या पाण्याच्या बादलीसारखं? डोळ्यांवर पट्टी बांधून काहीतरी करायचं आणि पुढच्याला टॅग करायचं. व्हायरल झालं तर प्रश्नच मिटला.

मोरपीस

बादलीचं उदाहरण सगळे देतात, म्हणून जरा सविस्तर.

२०१४ च्या उन्हाळ्यात त्या एका लाटेत अमेरिकेतल्या एएलएस असोसिएशनकडे साडेअकरा कोटी डॉलर जमा झाले. (एएलएस म्हणजे स्नायू हळूहळू निकामी करणारा चेतासंस्थेचा आजार.) पण ती कल्पना संस्थेच्या कुठल्या बैठकीत निघालेली नव्हती. अंगावर गार पाणी ओतून घ्यायचा खेळ आधीच चालू होता. तो या आजाराशी जोडून पसरवण्यात पीट फ्रेट्स आणि पॅट क्विन हे दोघे आघाडीवर होते, आणि दोघांनाही तो आजार होता. शिवाय त्या खेळाची रचना बघा: चोवीस तासांची मुदत, आणि पुढच्या तिघांची नावं घेऊन दिलेलं आव्हान. 'सर्वांनी मदत करावी' असं कोणी म्हणत नव्हतं. माझ्या मित्राने माझं नाव घेतलंय, आता मी गप्प कसा बसू, हे त्याचं इंधन होतं. पुढच्या वर्षी तेच पुन्हा करून पाहिलं तेव्हा पहिल्याच्या जवळपासही पोहोचलं नाही.

आणखी एक, त्याच वर्षीच्या मार्चमधलं. ब्रिटनमध्ये बायका विनामेकअप सेल्फी टाकून कर्करोगाबद्दल बोलायला लागल्या. कॅन्सर रिसर्च यूकेने ही लाट सुरू केली नव्हती. पण त्यांच्या लोकांच्या लक्षात आलं की फोटो टाकले जाताहेत आणि पैसे कुठे द्यायचे ते कोणालाच माहीत नाही. त्यांनी लगेच एक शब्द आणि एक क्रमांक देऊन एसएमएसने देणगीची सोय लोकांपुढे ठेवली. सहा दिवसांत ऐंशी लाख पौंड.

व्हायरल करणं कोणाच्याच हातात नसतं. लाट आली तर दार उघडं असणं तेवढं आपल्या हातात असतं.

आणि डोळ्यांवर पट्टी नको. का, ते मी सांगण्यापेक्षा इथे एखाद्या अंध सदस्याने सांगितलं तर बरं.

तिरकस

त्या सेल्फीवाल्या प्रकरणाचा शेपटाकडचा भाग राहिला! एसएमएसमध्ये BEAT हा शब्द पाठवायचा होता, म्हणजे 'बीट'. काहींनी त्याऐवजी 'डोनेट' पाठवलं, ते पैसे गेले युनिसेफला. काहींच्या फोनने 'बीट'चं परस्पर 'बेअर' करून टाकलं, आणि त्यांना वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या डब्ल्यूडब्ल्यूएफकडून उत्तर आलं की ध्रुवीय अस्वल दत्तक घेण्यात रस दाखवल्याबद्दल आभार. कर्करोगासाठी निघालेला माणूस अस्वलाचा पालक व्हायच्या बेतात आला.

तात्पर्य काढत नाही, पण तुमची देणगीची लिंक स्वतःच्या फोनवरून एकदा दाबून बघा.

हिशेबनीस

एका संस्थेचा खजिनदार म्हणून एकवीस वर्षं काढली आहेत. थोडं कडू बोलतो.

तुम्ही मागता, पण आधी घेतलेल्याचं काय केलंत ते सांगता का? मी तुमचं पान आत्ता पाहिलं. नवीन पुस्तकं, सत्कार, वर्धापनदिन. मागच्या वर्षी किती आले, किती कुठे गेले, एक ओळ नाही. रस्त्यावर डबा घेऊन उभं राहणाऱ्यालाही लोक विचारतात, कशासाठी?

आणि फक्त यश सांगू नका. चॅरिटी वॉटर या संस्थेने २०१० मध्ये मध्य आफ्रिकी प्रजासत्ताकातल्या मोआले नावाच्या वस्तीत विहीर खणायला घेतली. पाणी लागलं नाही. त्यांनी त्या फसलेल्या खोदकामाचा व्हिडिओ देणगीदारांसमोर ठेवला. पुढच्या वर्षी पुन्हा जाऊन पाणी काढलं, तेही दाखवलं. माझ्या मंडळात कोणी असं सुचवलं असतं तर अध्यक्षांना घेरीच आली असती. पण फसलेलं सांगणाऱ्याचं यश खरं वाटतं.

एकरकमी आवाहनांच्या मागे धावू नका हे दुसरं. दरमहा थोडी रक्कम देणारे तीस जण मिळाले तर समन्वयकाच्या पगाराची झोप लागते. वर्षातून एकदा येणाऱ्या मोठ्या देणगीने ती लागत नाही, हा अनुभव आहे.

कानगोष्ट

काका, पटलं. हिशेब आमच्या वार्षिक अहवालात असतो, पण तो अहवाल कोणी उघडत नाही हेही खरं. फसलेलं सांगायचं तर मागच्या वर्षी विज्ञानाची दोन पुस्तकं आम्हाला पुन्हा ध्वनिमुद्रित करावी लागली. आकृत्यांचं वर्णन न करताच आम्ही पुढे वाचत गेलो होतो. हे जाहीर लिहू?

हिशेबनीस

तेच आधी लिहा.

नवशिका

सगळं बरोबर आहे, पण भावनेला हात घातल्याशिवाय खिशात हात जात नाही ना? एक मूल निवडायचं, त्याची गोष्ट सांगायची. थोडं पार्श्वसंगीत. असे रील जबरदस्त चालतात.

मोरपीस

एका माणसाची गोष्ट आकडेवारीपेक्षा जास्त देणगी आणते, हे खरं आहे. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांचा २००७ चा प्रयोग त्यावरच होता. एका सात वर्षांच्या मुलीची गोष्ट वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, फक्त आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. गंमत म्हणजे गोष्ट आणि आकडेवारी दोन्ही एकत्र दिली तर १.४३. आकडे घातले की गोष्टीचं बळ कमी झालं. त्यामुळे काकांचा हिशेब आणि तुमची गोष्ट एकाच पोस्टमध्ये कोंबू नका, वेगवेगळ्या दिवशी टाका.

पण 'एका माणसाची गोष्ट' म्हणजे 'एका मुलाचं रडं' नव्हे. २०१२ मध्ये नॉर्वेतल्या विद्यार्थ्यांच्या एका संस्थेने याची मस्त टर उडवली होती. आफ्रिकेतले लोक थंडीने कुडकुडणाऱ्या बिचाऱ्या नॉर्वेकरांसाठी हीटर गोळा करताहेत, असा व्हिडिओ. आपल्याकडे बघून कोणी असं 'च् च्' केलं की कसं वाटतं, ते दोन मिनिटांत कळतं.

आडवाट

मी जन्मांध आहे. हा धागा स्क्रीन रीडरवर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, ऐकला. कानगोष्ट, तुमच्या संस्थेची पुस्तकं ऐकून मी पदवीपर्यंत आलो, त्यामुळे रागाने लिहितोय असं समजू नका. थोडा राग आहे, पण तो हक्काचा.

डोळ्यांवर पट्टी बांधून पाच मिनिटं धडपडणारा माणूस आंधळेपणा दाखवत नाही, स्वतःची भीती दाखवतो. माझा दिवस तसा नसतो. पार्श्वसंगीत लावलेलं मूल उद्या मोठं होऊन नोकरीसाठी मुलाखतीला जाईल, तेव्हा तो रील इंटरनेटवरच असेल. त्याची संमती कोणी घेतली? आईवडिलांनी सही केली असेल. पण पुस्तकं बंद होतील या धास्तीने केलेल्या सहीला मी संमती म्हणत नाही.

आता मुख्य मुद्दा. तुमचं ते देखणं पोस्टर. माझा फोन त्यावर येऊन म्हणाला, 'प्रतिमा'. बस. खाते क्रमांक, रक्कम, पुस्तकाचं नाव, सगळं त्या चित्रात. खाली मजकुरात एवढंच: 'आपल्या मदतीची गरज आहे, तपशील पोस्टरवर'. तुम्ही माझ्यासाठी काम करता आणि तुम्हाला पैसे कसे द्यायचे ते मला वाचता येत नाही. मी पाच वर्षं कमावतोय. दरवर्षी काहीतरी देईन म्हणतो आणि दरवर्षी कोणालातरी पोस्टर वाचून दाखवायला सांगायचा कंटाळा येतो.

तुमच्या पुस्तकांवर शिकलेले माझ्यासारखे किती असतील? आम्हाला तुम्ही अहवालात 'लाभार्थी' लिहिता. देणगीदार म्हणून कधी विचारलंत?

कानगोष्ट

काय लिहू कळत नाहीये. चार वर्षांत एकाही चित्राला वर्णन दिलेलं नाही. ती सोय असते हे मला माहीतसुद्धा होतं.

तिरकस

माझ्याकडे आज विनोद नाही. +१.

मोरपीस

आडवाट, आभार. धाग्याची गाडी योग्य रुळावर आणलीत.

कानगोष्ट, आता तुमच्यासमोर दोन तयार माणसं आहेत: वाचणारा आणि ऐकणारा. पान बाजूला ठेवा, या दोघांना बोलू द्या. मी काय करेन ते सांगते.

प्रत्येक वाचकाने आपण वाचत असलेल्या पुस्तकातला अर्ध्या-पाऊण मिनिटाचा तुकडा स्वतःच्या खात्यावर टाकायचा (स्वामित्व हक्काची परवानगी असेल तेवढाच), आणि दोन ओळी लिहायच्या: हे मी कोणासाठी वाचतोय, किती रात्री लागल्या, कुठला शब्द अडला. मागणी एकच. 'लाइक करा, शेअर करा, देणगी द्या, स्वयंसेवक व्हा' असं सगळं एका दमात सांगितलं की माणूस त्यातलं सगळ्यात सोपं तेवढं करतो. व्हिडिओ केलात तर शब्द पडद्यावरही द्या. बरेच जण आवाज बंद ठेवूनच बघतात, आणि ऐकू न येणारेही असतात.

मग ज्यांनी कधी प्रतिक्रिया दिली असेल त्यांना वैयक्तिक निरोप. तोच मजकूर चिकटवलेला नको. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरणार असाल तर ध्यानात ठेवा, एका यादीत २५६ जणच बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर साठवून ठेवलाय त्यालाच निरोप पोहोचतो. निम्म्या संस्था इथेच फसतात. निरोप 'गेला' म्हणून खूश, तिकडे पत्ताच नाही. ग्रुपमध्ये न विचारता कोणाला घालू नका, लोक मनातल्या मनात शिव्या देतात.

आणि देणाऱ्याचा ईमेल किंवा फोन, त्याच्या परवानगीने, स्वतःकडे ठेवा. २०१८ मध्ये अमेरिकेत एका जोडप्याने फेसबुकवर दीड हजार डॉलरचं लक्ष्य ठेवून निधी उभारणी सुरू केली, सीमेवर ताटातूट झालेल्या स्थलांतरित कुटुंबांना मदत करणाऱ्या रायसेस या संस्थेसाठी. जमले दोन कोटींहून जास्त डॉलर. पण अशा वेळी देणाऱ्याने आपणहून संपर्क कळवला नसेल तर संस्थेला तो मिळत नसे. पैसे आले, माणसं मात्र फेसबुककडेच राहिली. फेसबुकने उद्या नियम बदलला तर तुमच्या हातात काय उरतं, हा प्रश्न स्वतःला विचारत राहा.

आभार चोवीस तासांच्या आत. पावतीसोबतचं छापील पत्र त्यात धरू नका. तुमच्याकडे आवाज आहेत ना? मग आवाजात पाठवा.

हिशेबनीस

पावतीही चोवीस तासांत. आभार विसरले तर लोक सोडून देतात, पावती विसरली तर वर्षभर बोलतात.

नवशिका

आडवाट, पट्टीचं मीच सुचवलं होतं. सॉरी. खरंच डोक्यात आलं नाही.

आडवाट

ठीक आहे. विचारलंत म्हणून कळलं. न विचारता व्हिडिओ काढणारे जास्त आहेत.

कानगोष्ट

दीड महिना झाला, अहवाल द्यायला आलेय.

व्हायरल काही झालं नाही. आधी ते सांगून टाकते.

आकृत्यांची चूक आणि दोन पुस्तकं पुन्हा वाचल्याचं लिहिलं. लाइक नेहमीपेक्षा कमी, पण एका निवृत्त शिक्षिकेने निरोप पाठवला की आकृत्यांची वर्णनं लिहून द्यायला मी येते. त्या आता आठवड्यातून दोन दिवस येतात. पैसे नाही मागितले आणि माणूस मिळालं.

बावीसपैकी नऊ वाचकांनी स्वतःच्या खात्यावर तुकडे टाकले. बाकीच्यांना लाज वाटते म्हणे. मी आग्रह सोडला. नऊ जणांच्या ओळखीतून दरमहा देणारे सतरा जण मिळाले. काकांच्या तीसला तेरा कमी.

जुन्या श्रोत्यांची यादी काढायला बसलो तर यादीच नव्हती. नोंदवह्या चाळून साठेक जणांशी संपर्क झाला. त्यातले तिघे आता सल्लागार गटात आहेत. दोघींनी स्वतःच्या आवाजात सांगितलंय की कुठलं पुस्तक ऐकून कुठली परीक्षा दिली. काय सांगायचं, चेहरा दाखवायचा का, नाव द्यायचं का, हे त्यांनीच ठरवलं. एकीने चेहरा दाखवला, एकीने नाही. 'लाभार्थी' शब्द अहवालातून काढला, 'श्रोते' केला. अध्यक्षांनी कुरकुर केली, मग त्यांनाच आवडला.

मात्र एक घोळ झालाच. आमच्या एका उत्साही स्वयंसेवकाने स्वतःच्या सहलीचे फोटो चुकून संस्थेच्या पानावर टाकले. तीन तास कोणाच्या लक्षात आलं नाही. त्या पोस्टला वर्षातले सगळ्यात जास्त लाइक आहेत.

तिरकस

अहो, अमेरिकन रेड क्रॉसचं २०११ मध्ये याहून भारी झालं होतं. कर्मचाऱ्याने बिअर पिण्याबद्दलचं ट्वीट चुकून संस्थेच्या खात्यावरून टाकलं. त्यांनी ते काढून टाकलं आणि लिहिलं की रेड क्रॉस शुद्धीवर आहे, किल्ल्या काढून घेतल्या आहेत. लोक हसले. ट्वीटमध्ये जिचं नाव होतं त्या बिअर कंपनीच्या चाहत्यांनी वर देणग्याही दिल्या. सहलीचे फोटो काढले नसतील तर राहू द्या, खाली देणगीची लिंक टाका.

कानगोष्ट

टाकली! आणि नवीन पोस्टरही केलंय. यावेळी पूर्ण मजकूर खाली लिहिलाय, चित्राला वर्णनही दिलंय. आडवाट, जमलं तर एकदा ऐकून सांगाल का?

आडवाट

ऐकलं. वर्णन छान आहे, थोडं लांबलंय, पण चालेल. फक्त खाते क्रमांक वर्णनात एक आहे आणि खालच्या मजकुरात एक आकडा कमी आहे. दोन्हींतला खरा कुठला? मी पैसे पाठवायला बसलोय, अस्वल दत्तक घ्यायची इच्छा नाही.